पेज, पाऊस आणि जोसेफ वाझ

१६९७ साली श्रीलंकेच्या डोंगराळ मुलखात, कँडीच्या राज्यात, देवीची साथ आली. त्या काळी देवीवर औषध नव्हते आणि लस निघायला अजून शंभर वर्षे होती. ज्यांना जमले ते राजधानी सोडून गेले. ज्यांच्या अंगावर फोड उठले, त्यांना घरचीच माणसे रानात नेऊन ठेवत आणि मागे वळून न बघता परत येत. यात क्रूरपणापेक्षा भीती जास्त होती; एका आजाऱ्याने सारे घर जाते हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते. अशा वेळी दोन माणसे उलट्या दिशेने, गावाकडून रानाकडे जात होती. एक होते गोव्यातल्या साष्टीच्या बाणावलीत जन्मलेले पाद्री जोसेफ वाझ, वय ४६, आणि दुसरे त्यांच्या नात्यातले तरुण धर्मगुरू जोसेफ कार्व्हालो. त्यांनी आजाऱ्यांसाठी झोपड्या उभारल्या, जखमा धुतल्या, पेज शिजवून भरवली आणि जे गेले त्यांना हाताने खड्डे खणून पुरले. आजारी माणूस कॅथलिक आहे की बौद्ध, हे त्यांनी पाहिले नाही. मात्र याच वाझना ज्या गोष्टीसाठी कॅथलिक जगाबाहेर ओळखले जायला हवे, ती गोष्ट त्यांच्या चरित्रांत एका प्रकरणापुरतीच राहिली आहे.

हल्ली कॅथलिक संतांमध्ये सृष्टीची काळजी घेणारे कोण, असे विचारले की असिसीच्या फ्रान्सिसचे नाव पहिले येते, आणि ते रास्तच आहे. २९ नोव्हेंबर १९७९ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना पर्यावरणाच्या जपणुकीचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केले. १२२५ साली, दृष्टी जवळजवळ गेलेली आणि शरीर खंगलेले असताना, फ्रान्सिसने सूर्य, चंद्र, वारा, पाणी यांना भाऊबहीण म्हणणारे स्तोत्र रचले. पण फ्रान्सिसच्या आयुष्याचा क्रम आपण सहसा उलटा लक्षात ठेवतो. मृत्यूपूर्वी, १२२६ मध्ये, त्याने जे मृत्युपत्र सांगितले त्यात आपल्या पालटाची सुरुवात तो पक्ष्यांपासून किंवा झाडांपासून करत नाही, कुष्ठरोग्यांपासून करतो. ज्यांना पाहणेसुद्धा त्याला असह्य होत असे, त्यांच्यात तो राहायला गेला आणि तिथून त्याची नजर बदलली. आधी महारोग्याचा हात, मग सूर्याचे स्तोत्र. हा क्रम बरोबर असेल, तर सृष्टीवरच्या प्रेमाची परीक्षा रानात फिरताना होत नाही. माणसांनी टाकून दिलेल्या देहाजवळ होते. या कसोटीवर पाहिले, तर आपल्या घाटाखालचा, आपल्याच शेजारचा एक संत फ्रान्सिसच्या ओळीत सहज बसतो, आणि त्याच्याकडून बेळगाव-निपाणीच्या माणसाला शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ चा. आई मारिया द मिरांदा बाणावलीची, वडील क्रिस्तोव्हांव वाझ सांकवाळचे. सांकवाळ हे नाव घाटावरच्या अनेक कुटुंबांना ठाऊक असते ते वेगळ्या कारणाने. पोर्तुगीजांनी १५६७ मध्ये साष्टीतली देवळे पाडली तेव्हा सांकवाळचा लक्ष्मीनृसिंह झुआरी ओलांडून वेलिंगला नेला गेला. म्हणजे वाझ ज्या गावचे, त्या गावाने शतकापूर्वी आपला देव नदीपार जाताना पाहिला होता, आणि जे मागे राहिले त्यांच्या पुढच्या पिढ्यांत हा मुलगा जन्मला. हा इतिहास बाजूला ठेवून वाझना निव्वळ गोड संत म्हणून सांगणे प्रामाणिक होणार नाही. १५६० मध्ये सुरू झालेले इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, त्यांच्या हयातीत चालूच होते. ज्या धर्मसत्तेने त्यांना शिकवले आणि १६७६ मध्ये पाद्रीपणाची दीक्षा दिली, तीच सत्ता शेजारच्या घरात दहशतही बसवत होती. गोव्यातल्या युरोपीय धर्मसंघांत स्थानिक माणसाला सभासद म्हणून प्रवेश नव्हता. तो फार तर दुय्यम पाद्री व्हायचा. या भेदाला उत्तर म्हणून काही गोमंतकीय पाद्र्यांनी जुन्या गोव्यात ‘चमत्कारांचा क्रूस’ या टेकडीवरच्या चर्चमध्ये एकत्र राहायला सुरुवात केली. २५ सप्टेंबर १६८५ रोजी वाझ त्यांना जाऊन मिळाले, आणि त्यातून गोव्याची ओरेटरी आकाराला आली. केवळ भारतीय पाद्र्यांचा असा संघ तोवर नव्हता. तोही जातीच्या भिंतीपलीकडे गेला नाही. त्यात ब्राह्मण घराण्यांतलेच पाद्री घेतले जात, आणि वाझही त्याच घराण्यांतले. ही मर्यादा सांगितलीच पाहिजे. ज्याला त्या भिंती आणि तो दबदबा आयता मिळाला होता, त्याने पुढे काय सोडले याचे मोल त्यावरूनच कळते.

त्याआधीची तीन वर्षे, १६८१ ते १६८४, वाझ कानडा मुलखात होते. तिथे केळदीच्या राणी चन्नम्माचे राज्य होते. मराठी वाचकाला ही राणी परकी नाही: १६८९ मध्ये औरंगजेबाच्या फौजा पाठीवर असताना जिंजीकडे निघालेल्या छत्रपती राजाराम महाराजांना आश्रय देणारी ती हीच. तिच्या राज्यात कॅथलिक कुटुंबे विखुरलेली होती आणि त्यांच्यावर हक्क कुणाचा यावरून दोन चर्चसत्तांचा वाद पेटला होता. एका बाजूला पोर्तुगालचा राजा आणि गोव्याचे आर्चबिशप, दुसऱ्या बाजूला रोमने थेट नेमलेले बिशप तोमास द कास्त्रो; तेही गोमंतकीयच. वाझ गोव्याच्या बाजूने पाठवलेले होते, तरी त्यांनी भांडण वाढवले नाही. ते गावोगाव फिरले, शाळा काढल्या, पडकी प्रार्थनाघरे उभी केली आणि वादात अडकलेल्या माणसांचे धर्मविधी अडू नयेत एवढेच पाहिले. १६८४ मध्ये ते गोव्यात परतले तेव्हा बारदेश आणि साष्टी नुकत्याच झालेल्या संभाजी महाराजांच्या स्वारीतून सावरत होते. त्याच वर्षी २७ जून रोजी व्हाइसरॉय आल्व्होरच्या काउंटने फर्मान काढून गोव्यात कोकणीऐवजी पोर्तुगीज चालवण्याचा, तीन वर्षांत लोकांना ती शिकवण्याचा हुकूम दिला. सत्ता लोकांच्या तोंडची भाषा काढून घ्यायला निघालेली असताना वाझ पुढच्या काही वर्षांत उलटे करणार होते. स्वतःची भाषा मागे ठेवून ते दुसऱ्यांच्या दोन भाषा शिकणार होते.

गोवा शहराची त्या काळची अवस्थाही ध्यानात घ्यायला हवी. सोन्याचे गोवा म्हणून गाजलेले ते शहर वाझ यांच्या तरुणपणी रोगाने रिकामे होत चालले होते. कारणांत मोठे कारण पाण्याचे होते: सच्छिद्र जमिनीत शौचकूप आणि विहिरी शेजारी शेजारी, साचलेली तळी, डासांनी पसरलेला ताप. अखेर १७५९ मध्ये व्हाइसरॉयांनी आपला मुक्काम पणजीला हलवला आणि जुने शहर चर्चच्या भिंतींपुरते उरले. घाण पाण्याने एक राजधानी कशी मरते हे वाझ यांच्या पिढीने आपल्या दारात पाहिले होते.

श्रीलंकेकडे त्यांचे लक्ष वळले ते तिथल्या बातमीने. डचांनी १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना पोर्तुगीजांकडून घेतले आणि कॅथलिक पाद्र्यांना बेटावर बंदी घातली. जवळजवळ तीस वर्षे तिथल्या कॅथलिकांकडे एकही पाद्री नव्हता. १६८६ मध्ये, ज्या वर्षी विजापूर औरंगजेबाच्या हाती पडले त्याच वर्षी, वाझ ओरेटरीचे प्रमुखपद सोडून जुवांव नावाच्या सेवकाबरोबर दक्षिणेकडे निघाले. पाद्रीचा झगा उतरवला आणि कमरेला पंचा गुंडाळून मजुराच्या वेशात ते १६८७ मध्ये तुतिकोरीनच्या बाजूने समुद्र ओलांडून बेटावर उतरले. जाफन्यात पोचतात तोच त्यांना हगवणीने गाठले. साथीच्या भीतीने त्यांना वस्तीबाहेर काढण्यात आले, आणि बाहेर टाकलेल्या त्या अनोळखी मजुराला एका बाईने पेज आणून दिली. ती बाई कोण होती याची नोंद नाही. मला ही घटना वाझ यांच्या चरित्रातली सर्वांत मोलाची वाटते. दहा वर्षांनी कँडीच्या रानात त्यांनी जे केले, ते त्यांना आधी कुणीतरी केले होते. रोग्याला गावाबाहेर काढल्यावर त्याच्या बाजूने जग कसे दिसते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. त्यानंतर ते गळ्यात रोझरी घालून दारोदार भीक मागत हिंडले. ती माळ पाहून ज्याचा चेहरा बदलेल तो आपला, एवढीच ओळख. सिल्लालै या गावात त्यांना घर मिळाले. तिथून रात्री प्रार्थना आणि दिवसा लपणे असे त्यांचे काम चालू झाले. डचांना पत्ता लागला तेव्हा लोकांवर छापे पडले, अटका झाल्या, आणि वाझ पुत्तलमकडे सरकले.

१६९२ मध्ये ते कँडीला आले ते बेड्यांतूनच. दरबारातल्या लानेरोल नावाच्या फ्रेंच प्रोटेस्टंटाने ते पोर्तुगीज हेर असल्याचा आरोप केला आणि राजाने त्यांना कैदेत टाकले. तुरुंगात वाझ सिंहली शिकले. पुढे राजा विमलधर्मसूरिय दुसरा याची खात्री पटली की हा माणूस हेर नाही. याला ना जहाज हवे, ना वखार, ना किल्ला. नंतर गोव्याहून आणखी ओरेटेरियन आले. १७०५ मध्ये आलेल्या जाकोम गोन्साल्व्हिस यांनी सिंहली आणि तमिळमध्ये इतके लिहिले की सिंहली वाङ्मयाच्या इतिहासात त्यांचे स्थान आजही कुणी नाकारत नाही. वाझ मात्र स्वतःसाठी काही मागत नव्हते. त्यांना बेटाचे बिशप करण्याची बोलणी झाली, त्यांनी ती नाकारली. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत ते वारले.

आता पावसाची गोष्ट. १६९६ मध्ये कँडीच्या राज्यात दुष्काळ पडला. राजाने आधी बौद्ध भिक्खूंकडून विधी करवले. पाऊस आला नाही. मग त्याने या परक्या पाद्र्याला विचारले. वाझनी भर चौकात वेदी मांडली, क्रूस ठेवला, गुडघे टेकले. सांगतात की पाऊस आला, आणि सगळीकडे पाणी झाले तरी वेदी आणि वाझ कोरडे राहिले. यावर पहिला आक्षेप उघड आहे: चमत्काराच्या आधारावर इतिहास कसा मांडायचा? खरे आहे, मांडू नये. वाझ यांचे मुख्य जुने चरित्र, ओरेटेरियन सेबास्तियांव द रेगु यांनी लिहून १७४५ मध्ये लिस्बनला छापलेले, त्यांच्याच संघातल्या माणसाचे आहे. त्यात भक्ती आहे आणि संघाचा अभिमानही आहे. म्हणून पाऊस का आला हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. पाऊस कुणासाठी मागितला, हे मात्र पाहण्यासारखे आहे. राजा बौद्ध, शेतकरी बहुतेक बौद्ध, दरबारातले विरोधक तिथेच उभे. त्या चौकात मागितलेला पाऊस कॅथलिकांच्या शेतावर वेगळा पडणार नव्हता. शिवाय जे चमत्काराला अडखळतात त्यांच्यासाठी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. २१ जानेवारी १९९५ रोजी कोलंबोत वाझ यांना धन्य घोषित केल्यानंतर संतपदासाठी नियमाप्रमाणे आणखी एक चमत्कार सिद्ध व्हायला हवा होता. पोप फ्रान्सिस यांनी तो बाजूला ठेवला आणि १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर त्यांना संत जाहीर केले. खुद्द चर्चनेही शेवटी चमत्कारापेक्षा आयुष्य जास्त वजनाचे मानले.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि तो टाळता येत नाही. वाझ मिशनरी होते; पेज आणि सेवा हे धर्मांतराचे आमिष नव्हते कशावरून? वाझना लोक ख्रिस्ती व्हावेत असे मनापासून वाटत होते, हे कबूल केले पाहिजे. कँडीत त्यांनी बांधलेले चर्च अश्रद्धांच्या परिवर्तनासाठी मरियेला अर्पण केलेले होते. पण आमिष द्यायला हातात काहीतरी असावे लागते. आमिष म्हणजे जमीन, नोकरी, कर माफी, फौजेचा धाक किंवा तुरुंगातून सुटका. गोव्यात ते सगळे होते. वाझ यांच्याकडे यातले काहीच नव्हते. किनाऱ्यावरची सत्ता डचांची, त्यांना पकडायला टपलेली. डोंगरातली सत्ता बौद्ध राजाची, जी त्यांना कधीही हाकलू शकत होती आणि पुढच्या राजांनी त्यांच्या उत्तराधिकाऱ्यांना खरोखर हाकललेही. देवीच्या रोग्याजवळ जाणे हा हिशेबी माणसाचा व्यवहार नाही, कारण त्यात गुंतवलेले सर्व भांडवल म्हणजे स्वतःचा जीव, आणि ज्याला पेज पाजली तो दुसऱ्या दिवशी जगेल याचीही खात्री नाही. गोव्याच्या दहशतीचा दोष वाझ यांच्या माथी मारणे जितके चूक, तितकेच वाझ यांच्या सेवेने गोव्याचा दोष धुऊन निघाला असे म्हणणेही चूक. दोन्ही गोष्टी एकाच चर्चच्या इतिहासात आहेत आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत. एवढे मात्र म्हणता येते की सत्तेपासून जितके दूर गेले तितके वाझ फ्रान्सिसच्या जवळ गेले.

तिसरा आक्षेप इतिहासकाराचा आहे: सतराव्या शतकातल्या माणसाला आजचा पर्यावरणवादी करणे म्हणजे काळाची गल्लत. हा आक्षेप मी निम्मा मानतो. वाझनी जंगल राखले नाही, नदीसाठी भांडले नाहीत, झाडे लावण्याची चळवळ केली नाही; कुणी तसे सांगू लागले तर ते थांबवावे. पण सृष्टीची काळजी ही कल्पना आज चर्च ज्या अर्थाने मांडते, तो अर्थ वाझ यांच्या आयुष्याला परका नाही. त्यांना संत जाहीर केल्यावर चार महिन्यांनी, २४ मे २०१५ रोजी, त्याच पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रावर सही केली. त्याचे नाव असिसीच्या स्तोत्रातून घेतलेले आहे आणि त्यातला मुख्य मुद्दा असा की पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. माणसाला वापरून फेकणारी वृत्ती आणि जमीन-पाणी वापरून फेकणारी वृत्ती एकच आहे. हे मान्य केले की वाझ यांच्या तीन सवयी लक्षात येतात. एक, त्यांच्या गरजा इतक्या कमी होत्या की राजांना आणि कंपन्यांना त्यांना विकत घेता आले नाही: अनवाणी चालणे, भाताची पेज, सोबतीला एक माणूस. दोन, ज्या ठिकाणी गेले तिथल्या भाषेत, तिथल्या अन्नात ते मिसळले. बेटाने आपल्यासारखे व्हावे असा हट्ट त्यांनी धरला नाही. तीन, ज्याला समाजाने टाकले त्याच्यापासून त्यांनी काम सुरू केले. नम्रता म्हणजे वाकून राहणे नव्हे हेही त्यात आले, कारण या नम्र माणसाने जगातल्या त्या वेळच्या सर्वांत बलाढ्य व्यापारी कंपनीची, डचांच्या कंपनीची, बंदी चोवीस वर्षे मोडली.

हे सगळे बेळगाव-निपाणीच्या वाचकाने का वाचावे? बेळगावचा धर्मप्रांत १९५३ मध्ये स्थापन झाला, पण गोव्याशी इथल्या ख्रिस्ती वस्तीचे नाते त्याहून कितीतरी जुने आहे. खानापूर, नंदगड, बेळगावच्या चर्चमध्ये कोकणी, मराठी, कन्नड एकाच छपराखाली ऐकू येतात. त्याहून जुने नाते पाण्याचे आहे. खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानात, देगावच्या बाजूला, म्हादई उगम पावते. तिच्यापासून फार लांब नसलेल्या कणकुंबीत मलप्रभा उगम पावते. एकाच डोंगरावरचा पाऊस. थोडा पश्चिमेला उतरला की मांडवी होऊन अरबी समुद्राला जातो, थोडा पूर्वेला उतरला की कृष्णेवाटे बंगालच्या उपसागराला. वाझ ज्या टेकडीवर ओरेटरीत दाखल झाले, त्या जुन्या गोव्याच्या पायथ्याशी वाहणारे पाणी खानापूरच्या रानातले आहे. त्या पाण्यावर आज तीन राज्ये भांडत आहेत. म्हादई लवाद १६ नोव्हेंबर २०१० रोजी नेमला गेला आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी त्याने निवाडा दिला: कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट), गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. हुबळी-धारवाडच्या नळांना पाणी हवे हे खरे आहे. गोव्याच्या खाजन शेतीला गोडे पाणी हवे हेही खरे आहे. पण या सगळ्या हिशेबात कणकुंबीच्या माणसाचे आणि भीमगडच्या रानाचे म्हणणे सर्वांत शेवटी ऐकले जाते. भर चौकात सगळ्यांसाठी पाऊस मागणाऱ्या माणसाचा आदर्श लवादाला उपयोगाचा नाही, पण लवाद ज्यांच्या नावाने भांडतो त्या आपल्याला आहे: पाणी प्रथम कुणाच्या तोंडचे काढले जाते, हे विचारण्यापासून आपण सुरुवात करू शकतो.

आणि निपाणीचे उदाहरण तर हाताशीच आहे. इथल्या मातीने पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू पिकवला. ६ एप्रिल १९८१ रोजी, शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली महामार्गावर बसलेल्या तंबाखू शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि शेतकरी मारले गेले; भावासाठीचा तो लढा महाराष्ट्र-कर्नाटकाला ठाऊक आहे. त्यामानाने वखारीतल्या बायांचा इतिहास कमी सांगितला जातो. तंबाखू कुटणे, चाळणे, देठ काढणे हे काम प्रामुख्याने बायकांनी केले. नाकातोंडात जाणारी धूळ, दमा, डोळ्यांची जळजळ आणि अपुरी मजुरी हे त्यांच्या वाट्याला आले. प्रा. सुभाष जोशी यांनी या बायांची संघटना बांधली, अनिल अवचटांनी त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा बाहेरच्या जगाला त्या दिसू लागल्या. तंबाखू जमिनीचा कस ओढून घेतो आणि कामगाराच्या छातीतही शिरतो. एकाच पिकाने माती आणि माणूस दोघांनाही झिजवले. जमिनीची काळजी आणि बाईच्या फुप्फुसाची काळजी हे इथे दोन स्वतंत्र विषय कधीच नव्हते, आणि म्हणूनच ‘लाउदातो सी’तला मुद्दा निपाणीला कुणी बाहेरून शिकवण्याची गरज नाही. तंबाखूऐवजी ऊस किंवा सोयाबीन घ्या असे सांगणे सोपे आहे. पण पीक बदलताना वखारीत वीस वर्षे काम केलेल्या बाईच्या मजुरीचे आणि तिच्या दम्याचे काय, याचे उत्तर आधी तयार असावे लागते. ते उत्तर नसलेली कोणतीही हरित योजना माती वाचवताना माणसाला रानात नेऊन ठेवेल.

धर्माने आपले संत मूर्तीत बसवून मोकळे व्हायचे नसेल, तर १६ जानेवारीचा वाझ यांचा सण या सीमाभागात अशा कामाने साजरा करता येईल. खानापूरच्या चर्चने म्हादईच्या उगमाकडची गावे काय म्हणतात ते गोव्याच्या चर्चला कळवावे. निपाणीच्या डॉक्टरांनी, शाळांनी आणि सर्व धर्मांच्या तरुणांनी मिळून वखारीतल्या वयस्क बायांची छाती तपासून घ्यावी, त्यांची नोंद ठेवावी आणि त्या नोंदी बेंगळुरूला मागण्यांसोबत पाठवाव्यात. त्यासाठी कुणी ख्रिस्ती असण्याची गरज नाही. कँडीच्या रानात पेज घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण ख्रिस्ती नव्हते.